सोसायटीचे चेक बंद करावेत का? नव्या खजिनदारांना सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सत्तर सदनिकांची सोसायटी आहे आणि तुम्ही नवे खजिनदार आहात. लिफ्टवाले आणि सिक्युरिटी एजन्सी, दोघंही एनईएफटीने, म्हणजे बँकेतून थेट त्यांच्या खात्यात, पैसे मागतात. चेअरमनसाहेब म्हणतात, चेकच बरा: दोन सह्या होतात, हातात पुरावा राहतो, काही चुकलं तर थांबवता येतो. शिवाय आता चेक त्याच दिवशी वटायला लागले आहेत, मग बदलायचंच कशाला, असंही कमिटीत कुणी म्हणालं.

मी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली जवळजवळ निम्मी क्लिअरिंग खात्यात, म्हणजे एका बँकेचे चेक दुसऱ्या बँकेकडून वटवून घेण्याच्या कामात गेली, उरलेली शाखेत. निवृत्तीनंतर दोन सोसायट्यांचे हिशेब बघतो आणि दोन्हीकडे चेकवरून ऑनलाइनवर जाताना मी हजर होतो. त्या अनुभवावरून लिहितो.

चेअरमनसाहेबांचं म्हणणं जुन्या विचारांचं म्हणून बाजूला सारू नका. त्यांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चेकमध्ये ही संरक्षणं आयती मिळत होती आणि ऑनलाइनमध्ये ती आयती मिळत नाहीत, तुम्हाला उभी करावी लागतात. तुमचा खरा प्रश्न हा आहे. वेग आणि सोय या गोष्टी त्याच्यापुढे दुय्यम आहेत.

आधी दोन्हींमधला मूळ फरक बघू. चेक म्हणजे तुम्ही तुमच्या बँकेला लिहिलेला हुकूम, पण तो तुम्ही बँकेला न देता लिफ्टवाल्याच्या हातात देता. तो आपल्या बँकेत टाकतो, त्याची बँक तुमच्या बँकेकडे पैसे मागते, आणि तेव्हा कुठे तुमची बँक बघते की सही जुळते का, शिल्लक आहे का, तारीख बरोबर आहे का. म्हणजे सगळी तपासणी शेवटी होते. एनईएफटीत हुकूम थेट तुमच्या बँकेला जातो. शिल्लक तिथल्या तिथे तपासली जाते, पैसे तुमच्या खात्यातून आधी वजा होतात आणि मग समोरच्याकडे निघतात. म्हणून एनईएफटी शिल्लक नाही म्हणून ‘परत’ येत नाही, आणि म्हणूनच एकदा गेलेली मागेही घेता येत नाही. चेकमध्ये चूक सापडायला वेळ असायचा. ऑनलाइनमध्ये जी काही तपासणी करायची ती बटण दाबण्याच्या आधी.

तो वेळ कसा असायचा हे तुम्हाला डोळ्यांपुढे यावं म्हणून सांगतो. दुपारी पेटीतले चेक काढायचे, प्रत्येकावर क्लिअरिंगचा शिक्का मारायचा, बँकेप्रमाणे गठ्ठे लावायचे, प्रत्येक गठ्ठ्याला बेरजेच्या मशीनची कागदी पट्टी गुंडाळायची. संध्याकाळी बेरीज एका रुपयाने जुळली नाही तर सगळा गठ्ठा पुन्हा. १९८० च्या दशकात एमआयसीआर आलं तेव्हा चेकच्या तळाच्या पांढऱ्या पट्टीवर चुंबकीय शाईत रक्कम छापायचं काम आलं, आणि क्लिअरिंग हाउसमधली मशीनं ते आकडे वाचून चेक वेगळे करू लागली. तुमच्या चेकच्या तळाला बघा, सहा आकडी चेक नंबरनंतर नऊ आकडे असतात: पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबई असेल तर ४००, पुणे ४११. पिनकोडचे पहिले तीन आकडेच ते.

आमच्या शाखेतल्या खात्यांवर काढलेले चेक दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत यायचे. सहीच्या कार्डांचा ट्रे शेजारी ठेवून एकेक चेक ताडून बघायचा. शिल्लक कमी असेल आणि गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर फोन जायचा, ‘साहेब, तेराशे रुपये कमी पडताहेत, अकराच्या आत भरा.’ एका सोसायटीच्या चेकवर सेक्रेटरींची सही होती, खजिनदारांची नव्हती. तो चेक मी परत पाठवला. ठेकेदार चिडला, पण दोन दिवसांनी कळलं की ते बिल कमिटीत मंजूरच झालेलं नव्हतं. दोन सह्यांचा उपयोग असा होतो. बाहेरगावचा चेक असेल तर ही उसंत आणखी लांबायची. राज्यांच्या राजधान्यांमधल्या चेकला ७ दिवस, मोठ्या शहरांना १०, बाकी गावांना १४, अशी कमाल मुदत एके काळी ठरवून द्यावी लागली होती, यावरून अंदाज करा.

मग चेकचा प्रवास आखडत गेला. चेक ट्रंकेशन, म्हणजे सीटीएस, २००८ साली दिल्लीत सुरू झालं, २०११ मध्ये चेन्नईत आणि २०१३ मध्ये मुंबईत आलं. त्यात कागद पहिल्याच बँकेत थांबतो, पुढे जाते ती त्याची प्रतिमा. त्यानंतरचा मोठा बदल ४ ऑक्टोबर २०२५ चा. तोपर्यंत चेक गठ्ठ्यांनी जायचे आणि पैसे दुसऱ्या दिवशी मिळायचे. आता दिवसाच्या ठरलेल्या वेळात चेक स्कॅन होतील तसे लगेच पुढे जातात, आणि पैसे देणाऱ्या बँकेने संध्याकाळी ७ च्या आत हो किंवा नाही कळवायचं असतं. कळवलं नाही तर तो चेक मंजूर धरला जातो.

चेअरमनसाहेबांना हे वाक्य नीट समजावून सांगा. ‘चुकलं तर थांबवता येतो’ या म्हणण्यातला दम त्यामुळे बराच कमी झाला आहे. सकाळी चेक दिला, समोरच्याने अकराला बँकेत टाकला, तर तुम्हाला संध्याकाळी शंका येऊन काही उपयोग नाही. खात्यात शिल्लक ठेवायची तीही चेक देतानाच हवी. ‘तो वटायला जाईपर्यंत मेंटेनन्स जमा होईल’ हा हिशेब आता धोक्याचा आहे. आणि चेक थांबवला म्हणजे जबाबदारी संपली असंही नाही. स्टॉप पेमेंटमुळे न वटलेल्या चेकलाही चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ लागू होऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने १९९८ साली सांगितलेलं आहे.

तरीही चेकची एक बाजू अजून भक्कम आहे, ती मान्य करायला हवी. क्रॉस केलेला, ‘अकाउंट पेयी’ लिहिलेला चेक त्या नावाच्याच खात्यात जमा व्हावा लागतो. तुमची सही खोटी असेल आणि बँकेने पैसे दिले, तर ती जबाबदारी मुळात बँकेची, कारण खोट्या सहीला तुमचा हुकूम म्हणता येत नाही. ऑनलाइनमध्ये पासवर्ड आणि ओटीपी हीच तुमची सही. ती तुम्हीच कुणाला दिली, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्या माथी येतं. तुमची काही चूक नसताना, बँकेच्याही बाहेरून घोटाळा झाला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर भार येत नाही. म्हणून खात्याचे एसएमएस एकाच माणसाच्या फोनवर ठेवू नका. खजिनदार गावाला गेला की महिनाभर कुणी बघत नाही, असं मी पाहिलं आहे. काही विपरीत दिसलं तर बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा.

आता एनईएफटीकडे येऊ. गंमत वाटेल, पण एनईएफटी हेसुद्धा एक क्लिअरिंगच आहे, फक्त कागद नाही. आरटीजीएस मार्च २००४ मध्ये आलं, एनईएफटी नोव्हेंबर २००५ मध्ये. आरटीजीएसमध्ये प्रत्येक व्यवहार सुटा सुटा आणि लगेच पुरा होतो, म्हणून ते २ लाख आणि त्यावरच्या रकमांसाठी. एनईएफटीत दर अर्ध्या तासाला एक बॅच जाते, दिवसाला ४८, आणि बँकांची आपसातली देणी-घेणी त्या बॅचपुरती वजाबाकी करून भागवली जातात. आमच्या गठ्ठ्यांचंच हे रूप. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. समोरच्याच्या खात्यात जमा करता आलं नाही, तर बॅच संपल्यापासून दोन तासांत पैसे परत यायला हवेत.

इथे एक कळीची गोष्ट आहे. ‘जमा करता आलं नाही’ याचा अर्थ खातं नंबर अस्तित्वातच नाही किंवा बंद आहे. नंबर चुकीचा पण कुणाचा तरी खरा असेल, तर पैसे निमूटपणे त्याच्याकडे जातात. फॉर्मवर तुम्ही नाव लिहिता, पण जमा होतं ते खाते क्रमांकावर. चेकमध्ये नाव हुकमी होतं, इथे नंबर हुकमी आहे.

माझ्या बघण्यातल्या एका सोसायटीत हे घडलं. प्लंबिंगच्या कामाचे ३८,४०० रुपये पाठवायचे होते. बिलावर हाताने लिहिलेल्या खाते क्रमांकातले शेवटचे दोन आकडे टाइप करताना उलटसुलट झाले. तो नंबर त्याच शाखेतल्या एका अनोळखी बाईंचा निघाला. आमच्या बँकेने पत्र घेतलं, त्यांच्या बँकेला कळवलं, पण त्या बाईंची संमती मिळेपर्यंत तिथली बँक पैसे काढून देऊ शकत नव्हती, आणि ते बरोबरच होतं. बाई भल्या होत्या, पण बाहेरगावी होत्या. सात आठवडे गेले. प्लंबर रोज फोन करत होता आणि खजिनदार गृहस्थ रात्री झोपत नव्हते. तेव्हा ठरवलेली पद्धत मी आजही दोन्हीकडे पाळतो.

पहिलं म्हणजे, पैसे कुणाला जाणार त्याची नोंद (बेनिफिशियरी) करणं आणि पैसे पाठवणं ही दोन कामं वेगळ्या दिवशी करा. खाते क्रमांक बिलावरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून घेऊ नका. रद्द केलेला चेक मागा, त्यावर नाव, नंबर, आयएफएससी (शाखेचा कोड) सगळं छापील असतं. तो फाइलला लावा. नोंद एकाने करायची, दुसऱ्याने तो चेक हातात धरून नंबर मोठ्याने वाचायचा. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएससाठी बँकांनी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्यायची आहे. नंबर आणि आयएफएससी टाकला की खात्यावरचं नाव समोर येतं. ते नाव न बघता पुढे जाऊ नका. मोठ्या रकमेआधी शंभर रुपये पाठवून समोरच्याकडून खात्री करून घेणं मी अजूनही सोडलेलं नाही.

एखाद्या जुन्या ठेकेदाराने अचानक ‘आमचा खाते क्रमांक बदलला’ असा मेल पाठवला, तर तिथे थांबा. मेलला उत्तर न देता तुमच्याकडच्या जुन्या फोन नंबरवर फोन करून विचारा. मेल चोरून बिलावरचा खाते क्रमांक बदलण्याची फसवणूक भल्याभल्यांच्या बाबतीत होते.

दुसरं, दोन सह्या. याला बँकांच्या भाषेत मेकर-चेकर म्हणतात. एकजण व्यवहार भरतो, दुसरा आपल्या स्वतःच्या लॉगिनने आणि स्वतःच्या ओटीपीने मंजूर करतो, त्याशिवाय पैसे हलत नाहीत. इथे मात्र सगळं तुमच्या बँकेवर अवलंबून आहे. मोठ्या बँका ही सोय संस्थांना देतात. काही छोट्या सहकारी बँकांमध्ये सोसायटीच्या खात्यावर फक्त खातं बघायची परवानगी मिळते, किंवा एकाच माणसाला पूर्ण अधिकार दिला जातो. तुमच्याकडे एकालाच अधिकार मिळत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की ऑनलाइन पैसे पाठवणं सुरू करू नका. त्यापेक्षा दोन सह्यांचा एनईएफटीचा कागदी अर्ज शाखेत द्या, किंवा चेकवरच राहा. आणि मेकर-चेकर मिळाल्यावर दोघांचे पासवर्ड एकाच वहीत लिहून ठेवलेत, तर ती एकच सही झाली. चेअरमनसाहेबांना फोनवर ‘ओटीपी सांगा’ म्हणायची सवय लागली की दोन सह्या संपल्या. हे सगळ्यांत जास्त घडतं, आणि वाईट हेतूने घडत नाही, घाईने घडतं.

तिसरं, हातात राहणारा पुरावा. एनईएफटीला यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक, मिळतो, तो चेक नंबरच्या जागी व्हाउचरवर लिहा. बिल, ठराव किंवा मंजुरी, व्हाउचरवर दोन सह्या, आणि यूटीआर. ऑडिटरला हे पुरतं. पूर्वी चेक लिहायला बसताना व्हाउचर आपोआप समोर यायचं, आता मोबाइलवरून पैसे जातात आणि व्हाउचर मागाहून बनतं. ते होऊ देऊ नका. माझ्याकडे महिन्याच्या १० आणि २५ तारखेलाच पैसे दिले जातात. आधी व्हाउचरचा गठ्ठा सह्या होऊन तयार, मग लॉगिन. क्लिअरिंगची जी उसंत गेली, ती आपणच अशी परत आणायची.

तुम्ही फक्त देण्याबद्दल विचारलंत, पण खजिनदाराचा घाम निघतो तो येणाऱ्या पैशांत. चेकच्या मागे सभासद सदनिका नंबर लिहायचे. एनईएफटीने पासबुकात नुसतं एक नाव उमटतं, तेही बरेचदा मुलाचं, सुनेचं किंवा भाडेकरूचं. दोन ‘एस. पाटील’ एकाच दिवशी एकच रक्कम भरतात. पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडे अकरा जमा रकमा बेवारशी पडल्या होत्या. शेराच्या रकान्यात सदनिका नंबर लिहा अशी विनंती करून पाहा, अर्धे लोक लिहितात. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे काही बँका प्रत्येक सदनिकेला वेगळा आभासी खाते क्रमांक देतात. पैसे मूळ खात्यातच येतात, पण कुठून आले ते नंबरवरून कळतं. सत्तर सदनिकांना ही सोय मागून घ्याच. नियमित भरणाऱ्यांसाठी नॅच मॅंडेट, म्हणजे खात्यातून ठरलेली रक्कम आपोआप वजा करायची बँकेला दिलेली परवानगी, हाही मार्ग आहे. जुन्या ईसीएसची जागा त्याने घेतली आहे, आणि शिल्लक नसल्यामुळे मॅंडेट परत आलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ प्रमाणे चेकइतकीच, म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. चेकलाच कायद्याचा धाक असतो हा समज त्यामुळे अपुरा आहे.

चेक मात्र पूर्ण बंद करू नका. वयस्कर सभासदांचे चेक घेत राहा. त्यांच्यावर ऑनलाइनची सक्ती केली की ते पासवर्ड दुसऱ्याच्या हातात देतात, आणि ते जास्त वाईट. ठेकेदाराशी वाद असेल आणि समोरासमोर पावती घेऊनच पैसे द्यायचे असतील, तर चेक सोयीचा. चेकची मुदत तीन महिने असते, पूर्वीसारखी सहा नाही, हे देताना-घेताना लक्षात ठेवा. खाडाखोड करून शेजारी सही केलेला चेक सीटीएसमध्ये चालत नाही, नवा लिहा. आणि ५०,००० च्या वरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे वापरा: चेक नंबर, तारीख, नाव, रक्कम बँकेला आधी कळवायची. ५ लाख आणि त्यावर बऱ्याच बँकांनी ते सक्तीचं केलं आहे. कळवायचं राहिलं तर तुमचाच चेक परत येईल आणि छताच्या कामाचा ठेकेदार दारात उभा राहील.

बदल करताना महिना निवडा तो मार्च सोडून. आधी बँक जुळवणी काढा, म्हणजे आपली वही आणि बँकेचं स्टेटमेंट ताडून बघा. दिलेले पण अजून न वटलेले चेक किती आहेत ते लिहून घ्या. तीन महिन्यांवरचे शिळे झालेले असतील तर त्या लोकांना कळवून नोंदी उलट्या करा. असं केलं नाही तर एकाच बिलाचे पैसे चेकनेही जातात आणि एनईएफटीनेही. नंतर लिफ्ट, सिक्युरिटी, सफाई अशी दरमहाची तीन-चारच देणी आधी ऑनलाइनवर घ्या. दोन महिने सुरळीत गेले की बाकीची.

आणि पहिली मंजुरी चेअरमनसाहेबांच्याच लॉगिनने होऊ द्या. त्यांच्या शेजारी बसा, पण फोन आणि माउस त्यांच्याच हातात राहू द्या. रद्द चेक समोर ठेवून त्यांना नंबर वाचू द्या, स्क्रीनवरचं नाव बघू द्या, ओटीपी त्यांनाच टाकू द्या. त्यांना वेळ लागला तर लागू द्या. पुढच्या वेळी व्हाउचरवर सही नसताना मंजुरी मागितलीत, तर तेच तुम्हाला अडवतील.